पंडित अयोथीदास : पूर्वज, सण आणि धम्म



दिवाळी चार दिवसांवर आली, की नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलगा म्हणतो, आता आपण बौद्ध झालो, हे सण आपले नव्हेत. म्हातारी आई म्हणते, अरे, तुझ्या आज्याने केले, पणज्याने केले, ते काय वेडे होते? शेजारच्या दारात पणत्या लागतात, लहान पोरे हिरमुसली होऊन उंबऱ्यात बसतात. संक्रांतीला तिळगूळ घ्यावा की नाही, भोगीची भाजी करावी की नाही, गावच्या मरीआईला नारळ द्यावा की नाही, यावरून भावाभावांत अबोला धरल्याची उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहेत. धर्म बदलता येतो, पण पूर्वज बदलता येत नाहीत; मग पूर्वजांच्या चालीरीतींचे करायचे काय?

हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडला असे मात्र नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मचक्र फिरविले, त्याच्या ५८ वर्षे आधी दक्षिणेत मद्रास शहरी अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका वैद्याने बुद्धाला शरण जाऊन हाच प्रश्न अंगावर घेतला होता. त्याने सोळा वर्षे त्याचे उत्तर शोधण्यात घालविली. त्या थोर पुरुषाचे नाव पंडित अयोथीदास. त्यांचे चरित्र प्रत्येक बौद्ध घरात माहीत असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अयोथीदासांचा जन्म २० मे १८४५ रोजी मद्रास इलाख्यात परयर समाजातील एका कुटुंबात झाला. परयर म्हणजे तमिळ मुलखातील आपल्यासारखाच गावकुसाबाहेर ठेवलेला समाज. संख्येने मोठा, कष्टाने कणखर, आणि गावाच्या प्रत्येक कामाला लागणारा, पण गावच्या विहिरीला चालत नाही असा. इंग्रजी भाषेने या समाजाच्या नावावरून बहिष्कृत माणसासाठी एक शब्दच तयार केला. एका जातीचे नाव जगभर तिरस्काराचा शब्द होऊन बसावे, यावरून त्यांच्या वाट्याला काय आले असेल याची कल्पना करावी.

बाळाचे नाव कातवरायन ठेवले होते. घराणे मात्र अडाणी नव्हते. वंशपरंपरेने सिद्ध वैद्यकीचा व्यवसाय होता आणि घरात ताडपत्रांच्या पोथ्या होत्या. आजोबा कंदप्पन हे हॅरिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे बटलर होते. त्यांनी आपल्याजवळची तिरुक्कुरळाची ताडपत्रे आपल्या साहेबाला दिली आणि ती पुढे एलिस या विद्वान अधिकाऱ्याच्या हाती गेली, अशी हकीकत अयोथीदासांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. तमिळ भाषेचे भूषण समजला जाणारा ग्रंथ छापखान्यापर्यंत पोचण्यात एका अस्पृश्य बटलरचा हात होता, याचा त्यांना जन्मभर अभिमान वाटे. ज्यांच्या घरात विद्येची पोथी होती, त्यांना विद्येचा अधिकार नाही असे कोण म्हणतो, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात तेव्हाच रुजला असावा.

मुलगा तमिळ, संस्कृत, पाली आणि इंग्रजी या भाषा शिकला. ज्या गुरूंपाशी त्याने तमिळ वाङ्मय आणि वैद्यक यांचे शिक्षण घेतले, त्यांचेच नाव त्याने पुढे स्वतःला लावून घेतले. कातवरायनचे अयोथीदास झाले ते असे. जन्माने मिळालेल्या नावापेक्षा विद्येने मिळालेले नाव त्यांनी मोठे मानले.

कुटुंब निलगिरीच्या डोंगराळ भागात राहावयास गेले. तेथे चहा-कॉफीचे मळे होते, लष्करी छावण्या होत्या, गोऱ्या लोकांची वस्ती होती. गावगाड्याच्या बाहेर पडून रोख पगाराचे काम करणारे अनेक परयर कुटुंबे तेथे होती. आपल्याकडे महार समाजाला लष्कराने, रेल्वेने आणि गिरण्यांनी जशी गावाबाहेरची वाट दाखविली, तसाच हा प्रकार. गावाचा धाक सुटला की माणूस विचार करू लागतो. १८७० नंतरच्या दशकात तरुण अयोथीदासांनी तेथे अद्वैतानंद सभा स्थापन केली. त्या वेळी ते वैष्णव होते. सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे असे सांगणारे अद्वैत मत खरे असेल तर अस्पृश्यता टिकणारच नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आपल्या मुलाचे नाव त्यांनी पट्टाभिरामन ठेवले, म्हणजे राज्याभिषेक झालेला राम. हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपल्याही घरात आज बुद्धवंदना म्हणणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांची नावे देवादिकांचीच आहेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. माणूस जेथून निघाला त्यापेक्षा तो कोठे पोचला याला महत्त्व आहे.

पुढे पाद्री जॉन रत्नम यांच्यासह त्यांनी 'द्राविड पांडियन' हे पत्र चालविले. १८८६ साली त्यांनी जाहीर केले की अस्पृश्य म्हटले जाणारे लोक हिंदू नव्हेत. १ डिसेंबर १८९१ रोजी निलगिरीत द्राविड महाजन सभेची परिषद भरली. शिक्षण, नोकऱ्या, विहिरी, तुरुंगातील अपमानास्पद कामे अशा रोजच्या जगण्यातील प्रश्नांवर तेथे ठराव झाले आणि ते सरकारकडे व काँग्रेसकडे पाठविण्यात आले.

एवढे होऊनही सवर्ण समाजाकडून न्याय मिळेल ही आशा त्यांनी सोडली नव्हती. ती सुटली १८९२ साली. मद्रास महाजन सभेच्या बैठकीस ते निलगिरीचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. तेथे उठून त्यांनी साधी मागणी केली. शिव आणि विष्णू हे सर्वांचे देव असतील, तर आमच्या लोकांना त्यांच्या देवळांत येऊ द्या. सभेत एकच गलका झाला. एका शास्त्रीबोवांनी उठून ऐकविले की शिव आणि विष्णू तुमचे देव नव्हेत. तुमच्यासाठी काट्टेरी, मदुरैवीरन, करुप्पन ही दैवते आहेत, त्यांना पुजत बसा. अयोथीदासांनी तेथल्या तेथे उत्तर दिले की असे असेल तर तुमचे देव आम्हाला नकोत. आमच्या मुलांना चौथीपर्यंत मोफत शिक्षण द्या आणि गावोगावची पडीक जमीन आम्हाला द्या. या दोन मागण्यांना सभेने मान्यता दिली. देव मिळाला नाही, पण अयोथीदासांचे डोळे उघडले.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची आठवण आपल्याला येथे झाल्याशिवाय राहणार नाही. १९३० साली नाशिकला सुरू झालेला तो लढा पाच वर्षे चालला आणि १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दक्षिणेतल्या या वैद्याने तोच रस्ता चार दशके आधी एकट्याने तुडविला होता. दाराशी उभे राहून, धक्के खाऊन, मग दारच नाकारून.

देव नाकारला, पण माणसाला उभे राहायला जमीन लागते. आपण हिंदू नाही, तर मग कोण आहोत? अयोथीदास जुनी ताडपत्रे, तमिळ काव्ये, निघंटू, शिलालेख चाळू लागले. तमिळ भाषेत 'मणिमेकलै' हे बौद्ध महाकाव्य आहे. ज्या देशात असे काव्य लिहिले गेले, तेथे बौद्ध लोक होते हे उघड आहे. ते लोक गेले कोठे? जमिनीने गिळले की आकाशाने नेले? अयोथीदासांचा निष्कर्ष असा की ते कोठेही गेले नाहीत. धम्म सोडण्यास नकार दिला म्हणून त्यांना जमिनीवरून हुसकले, गावाबाहेर लोटले आणि नीच ठरविले. आजचे परयर हेच कालचे बौद्ध. त्यांना त्यांनी पूर्वबौद्ध हे नाव दिले.

१८९८ साली त्यांनी अड्यार येथे कर्नल ऑल्कॉट यांची गाठ घेतली. ऑल्कॉट हे अमेरिकेचे. त्यांनी १८८० साली सिलोनमध्ये पंचशील घेतले होते आणि १८९४ पासून मद्रासमध्ये अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा चालविल्या होत्या. अयोथीदासांनी त्यांना सांगितले की आमचे पूर्वज बौद्ध होते, आम्हाला आमच्या धर्मात परत जावयाचे आहे. त्यांच्या मदतीने अयोथीदास आणि शाळामास्तर कृष्णस्वामी सिलोनला गेले आणि कोलंबो येथे विद्वान महास्थविर सुमंगल यांच्याकडून त्यांनी पंचशील ग्रहण केले. तेव्हा अयोथीदासांचे वय ५३ होते. म्हातारपणी कशाला धर्म बदलायचा असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

परत येऊन त्याच वर्षी त्यांनी मद्रासच्या रायपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. व्याख्याने सुरू झाली. लग्ने आणि अंत्यविधी बौद्ध पद्धतीने होऊ लागले. जनगणनेच्या कागदावर जात लिहू नका, बौद्ध म्हणून नोंद करा, असा प्रचार झाला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांनी मारिकुप्पम येथे शाखा काढली. बेंगलोर, ब्रह्मदेशातील रंगून, दक्षिण आफ्रिकेतील दरबान, जेथे जेथे पोटासाठी तमिळ मजूर गेला, तेथे तेथे संघाचा विचार गेला.

१९ जून १९०७ रोजी बुधवारी त्यांनी एक पैसा किमतीचे चार पानी साप्ताहिक काढले. नावातच किंमत घातली होती. एका वर्षाने ते नुसते 'तमिळन' झाले. मजुराला परवडेल एवढीच किंमत, पण आत मजकूर पंडितालाही पुरून उरेल असा. इतिहास, वैद्यक, शेती, राजकारण, धम्म, वाचकांच्या शंका आणि त्यांची उत्तरे, सर्व काही त्यात असे. हे पत्र त्यांनी मरेपर्यंत सात वर्षे चालविले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. संघात आलेल्या कुटुंबांनाही आपल्यासारखीच अडचण पडली होती. आता दिवाळी करायची की नाही? पोंगल करायचा की नाही? गावच्या मारीअम्मनचे काय करायचे? अयोथीदासांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांनी एकेक सण हाती घेतला आणि त्याचे मूळ उकलून दाखविण्याचा प्रयत्न केला.

तमिळ देशात दिवाळीचा मुख्य दिवस म्हणजे नरकचतुर्दशी. पहाटे अंगाला तेल लावून स्नान करावयाचे, आपल्याकडच्या अभ्यंगस्नानासारखेच. पुराणे सांगतात की त्या दिवशी देवाने नरकासुराला मारले. अयोथीदासांचा सवाल असा, की कोणाला तरी ठार मारल्याचा आणि अंगाला तिळाचे तेल लावण्याचा संबंध काय? त्यांचे म्हणणे असे की बौद्ध विहार ही पूर्वी वैद्यकशाळाही होती. तेथील भिक्षूंनी तिळाच्या तेलाचे गुण शोधून काढले, ते राजाला कळविले, आणि राजाने सर्व प्रजेला तेल लावून दीपवती नावाच्या नदीत स्नान करावयास सांगितले. तो तेलाच्या शोधाचा दिवस. कार्तिकात डोंगरावर जो मोठा दीप लावतात, तो त्यांच्या मते एरंडाचे तेल जाळून प्रकाश मिळतो या शोधाची आठवण. पोंगलच्या आदल्या दिवसाला तमिळ लोकही भोगी म्हणतात. अयोथीदास म्हणाले, ही भोगी नव्हे, बोधी. संक्रांत हा त्यांनी बुद्धाच्या निर्वाणाचा स्मृतिदिन मानला. देवी आलेल्या माणसाजवळ कडुनिंबाचा पाला ठेवतात, त्या चालीचे मूळ त्यांनी अंबिका नावाच्या बौद्ध भिक्षुणीत शोधले. तिने रोग्यांची शुश्रूषा केली, कडुनिंबाचा उपयोग शिकविला. लोकांनी पुढे तिचीच देवी केली आणि तिच्यापुढे बकरी कापू लागले.

आपल्याकडच्या मरीआईशी हे किती जवळचे आहे पाहा. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा ओढून शिवेबाहेर न्यावयाचा, तो मान आपल्याच लोकांचा. होळीच्या लाकडांपासून मरीआईच्या गाड्यापर्यंत गावच्या सणाला महाराचे हात लागत आणि सण झाल्यावर तोच महार दाराबाहेर शिळ्या तुकड्यासाठी उभा राही. सणात कामापुरते आपण, मानाच्या वेळी मात्र दूर. परयर समाजाचीही हीच तऱ्हा होती. म्हणून अयोथीदास आपल्या लोकांना सांगत होते की ज्या सणात तुम्ही चाकर होता, त्या सणाचे खरे धनी तुम्हीच आहात. तो तुमच्याकडून हिरावून घेतला आणि वर तुमच्या शत्रूची कथा त्यावर चिकटविली.

विचार करा, ज्या माणसाला हजार वर्षे सांगितले की तुला इतिहास नाही, त्याच्या कानी हे शब्द पडल्यावर त्याची छाती किती रुंद झाली असेल! त्याच्या आजीची तेलाची वाटी, तिचा कडुनिंबाचा पाला, यांत अडाणीपणा नव्हता, विद्या होती, असे कोणीतरी प्रथमच म्हणत होते.

परंतु बांधवांनो, श्रद्धेने सांगितले म्हणून सर्व जसेच्या तसे स्वीकारू नये, हीच तथागतांची कालामांना शिकवण आहे. ती अयोथीदासांनाही लावली पाहिजे. त्यांचे पुष्कळसे पुरावे शब्दांच्या साम्यावर उभे आहेत. भोगी आणि बोधी हे कानाला सारखे लागतात, एवढ्याने इतिहास सिद्ध होत नाही. बुद्धाचे महापरिनिर्वाण बौद्ध परंपरा वैशाख पौर्णिमेला मानते, पौषात नव्हे. दीपवती नदीच्या कथेला शिलालेखाचा आधार मिळत नाही. इतिहासकार या कथांकडे घडलेल्या घटना म्हणून पाहत नाहीत. दडपलेल्या समाजाने पुराणांना दिलेले प्रत्युत्तर म्हणून पाहतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पूर्वजांच्या अभिमानाला एक काटा असतो. आमचे पूर्वज बौद्ध होते म्हणून आम्ही थोर, असे म्हटले की ज्यांचे पूर्वज बौद्ध नव्हते ते आपोआप कमी ठरतात. अयोथीदासांच्या लिखाणात हा दोष आला. आपल्याचसारख्या दलित जातींपैकी काहींना त्यांनी पूर्वबौद्धांत धरले नाही आणि परयरांपासून वेगळे, खालचे लेखले. जातीच्या विरुद्ध उभा राहिलेला एवढा मोठा माणूस, पण वंशाच्या गौरवात गुंतल्यावर त्याचाही पाय घसरला. हे सांगण्यात त्यांचा अवमान नाही. थोरांच्या चुका लपविल्या की त्या आपण पुन्हा करतो.

त्याच काळात मद्रासमध्ये प्राध्यापक लक्ष्मी नरसू बौद्ध धम्माचे काम करीत होते. ते विज्ञानाचे अध्यापक. त्यांनी १९०७ साली बौद्ध धम्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यांचा भर वंशावर नव्हता, विवेकावर आणि नीतीवर होता. धम्म स्वीकारायचा तो आजोबा बौद्ध होते म्हणून नव्हे, तर तो बुद्धीला पटतो आणि माणसाला माणूस करतो म्हणून. हाच ग्रंथ १९४८ साली बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहून पुन्हा प्रसिद्ध करविला. मद्रासच्या त्या चळवळीचा एक धागा असा आपल्या दीक्षाभूमीपर्यंत येऊन पोचला आहे. आणि त्याच १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण होते याविषयीच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी मांडले की अस्पृश्य हे वाताहत झालेले, बौद्ध धम्माला चिकटून राहिलेले लोक होते. पूर्वज बौद्ध होते हा विचार बाबासाहेबांनाही मान्य होता. पण नागपुरात पाच लाखांच्या समुदायाला दीक्षा देताना त्यांनी कोणाचीही वंशावळ विचारली नाही. त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही. सर्व माणसे समान मानीन. पुढे काय आचरण करणार, हा सवाल त्यांनी विचारला.

मग अयोथीदासांची खटपट फुकट गेली काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी दीक्षेसाठी दिवस कोणता निवडला ते आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ हा दसऱ्याचा दिवस होता. शेजारी सोने लुटीत होते, शस्त्रे पुजीत होते, रावण जाळीत होते. बाबासाहेबांनी तो दिवस टाकून दिला नाही आणि त्यातली पूजाही घेतली नाही. सम्राट अशोकाच्या धम्मविजयाचा म्हणून त्याला त्यांनी नवे मोल दिले. आज आपण तो अशोक विजयादशमी म्हणून, धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळतो. जुन्या दिवसाला नवा अर्थ देणे आणि जुन्या देवाला मात्र नकार देणे, या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात हे त्यांनी दाखवून दिले.

आणि ही रीत तर साक्षात तथागतांची. सिगाल नावाचा तरुण रोज पहाटे ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडीत असे, कारण मरताना वडिलांनी तसे सांगितले होते. का करतो हे त्याला ठाऊक नव्हते. भगवान बुद्धांनी त्याच्या वडिलांची थट्टा केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलून दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कामकरी माणसे, वरची दिशा म्हणजे श्रमण. यांच्याशी नीट वागणे हेच दिशांचे वंदन. मुलाने वडिलांचा शब्दही पाळला आणि अज्ञानही सोडले.

अयोथीदासांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत काम थांबविले नाही. १९१२ साली त्यांचा बुद्धाचे चरित्र व शिकवण तमिळ परंपरेतून सांगणारा मोठा ग्रंथ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तिरुक्कुरळावरील भाष्य त्यांनी हाती घेतले होते, ते अपुरे राहिले. ज्या पोथीची ताडपत्रे आजोबांनी जपली, तिचाच अर्थ उलगडता उलगडता नातवाची लेखणी थांबली. ५ मे १९१४ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'तमिळन' काही काळ बंद पडले. पुढे कोलारच्या बौद्धांनी ते पुन्हा उभे केले. नंतर कित्येक दशके विद्वानांच्या जगाला त्यांचा विसर पडला. १९९९ साली त्यांचे लिखाण दोन खंडांत संकलित होऊन प्रसिद्ध झाले आणि २००५ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्यांनी त्यांना विस्मृतीत जाऊ दिले नाही ते मुख्यतः खाणीतले, गिरण्यांतले, वस्त्यांतले साधे उपासक होते.

आता शेवटी आपल्या घरातल्या प्रश्नाकडे. दिवाळीच्या पहाटे म्हातारीने नातवाच्या अंगाला तेल चोळले, तर तिच्यावर डाफरू नका; तेलात पाप नाही. पण त्या तेलाबरोबर नरकासुराची कथा आणि लक्ष्मीपूजनाचे तबक घरात येत असेल, तर ते दाराबाहेरच थांबवा. संक्रांतीला शेजाऱ्याने तिळगूळ दिला तर मैत्रीने घ्या. वाण आणि पूजा यांत शिरू नका. मरीआईच्या नावाने बकरे कापू नका. तिच्या नावाने होणारा खर्च मुलाच्या पुस्तकांना द्या. पोरे हिरमुसली होऊन उंबऱ्यात बसू नयेत, म्हणून बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी आणि १४ एप्रिल हे आपले दिवस इतक्या आनंदाने करा, की शेजारची पोरे आपल्या उंबऱ्याशी यावीत. आणि आई विचारील की आपले पूर्वज वेडे होते काय, तेव्हा तिला सांगा, ते वेडे नव्हते, त्यांना अडविले होते. आपण त्यांना सोडून चाललो नाही. त्यांना जेथे जाऊ दिले नाही, तेथे आपण चाललो आहोत.

एका वैद्याने एक पैशाच्या पत्रातून ही वाट दाखविण्यास आरंभ केला. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती खरी ठरली नाही, पण मान ताठ करून आपल्या घराचा इतिहास स्वतः विचारावा, ही त्यांची शिकवण खरी ठरली.

पंडित अयोथीदासांच्या पावन स्मृतीस त्रिवार अभिवादन.

नमो बुद्धाय! जयभीम!